खरखर, पाऊस आणि ब्रॉडबँड

गेल्या अंकात याच सदरात मी लँडलाइनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटबद्दल थोडंसं लिहिलं होतं. फायबरच्या जमान्यात हे कोण वाचणार, अशी संपादकांना शंका होती. पत्रं यायला लागली तेव्हा तेच म्हणाले, या वेळी फक्त प्रश्नोत्तरंच घ्या. म्हणजे तांब्याची तार अजून बऱ्याच घरांत आहे आणि जिथे आहे तिथे डोक्याला तापही आहे.

नवीन वाचकांसाठी सांगते. माझी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये गेली. त्यातही बराच काळ एमडीएफवर, म्हणजे गावातल्या प्रत्येक फोनची जोडी जिथे येऊन टेकते त्या उंच लोखंडी मांडणीपुढे. त्यामुळे माझं प्रत्येक उत्तर तारेपासून सुरू होतं. ॲप कसं उतरवायचं ते नातवंडांना विचारा, ती जास्त चांगलं सांगतील. पत्रांतली कंपन्यांची नावं मी गाळली आहेत. तार कोणाच्याही मालकीची असली तरी तिची दुखणी तीच असतात.

प्रश्न : आमचा प्लॅन आठ मेगाबिटचा. मागच्या गल्लीत माझा मेहुणा राहतो, त्याचाही तोच प्लॅन, तोच मोडेम. त्याला सात मिळतो, आम्हाला दीड. मोडेम बदलून पाहिला, काही फरक नाही. आमच्यावरच हा अन्याय का?
— एक वाचक, सांगली

तुम्ही सांगलीचे, म्हणजे कालव्याच्या टेलचा शेतकरी काय सोसतो ते तुम्हाला सांगायला नको. पाणी वरून सारखंच सुटतं, शेवटच्या शिवारात पोचेपर्यंत त्यातलं किती उरतं हा प्रश्न. तारेतही तेच होतं. फक्त इथे एक खुबी आहे, सगळं सारखं आटत नाही.

फोनवरचं बोलणं साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झमध्ये भागतं. तारेची त्यावरची सगळी जागा शंभर वर्षं रिकामीच पडून होती. एडीएसएल, म्हणजे फोनच्याच तारेवरून येणारं तुमचं इंटरनेट, तिथे बसतं : २५ किलोहर्ट्‌झच्या पुढे, थेट ११०० किलोहर्ट्‌झपर्यंत. ही सगळी पट्टी सव्वाचार किलोहर्ट्‌झच्या आसपास रुंदीच्या २५६ कप्प्यांत विभागलेली असते आणि मोडेम प्रत्येक कप्प्यात किती माल भरता येईल ते स्वतः अजमावतो. एडीएसएल-टू-प्लसमध्ये पट्टी दुप्पट, कप्पे ५१२. आता गंमत अशी, की तार जितकी लांब तितके वरचे कप्पे आधी मरतात. एक्स्चेंजच्या सावलीतल्या घराला सगळे कप्पे मिळतात, पाच किलोमीटरवरच्या घराला खालचे मूठभर. म्हणून त्याला सात आणि तुम्हाला दीड.

पण मेहुणा तर मागच्याच गल्लीत! तार कावळ्यासारखी सरळ जात नाही हो. एक्स्चेंजमधून जाड केबल पिलरपर्यंत, म्हणजे रस्त्याकडेच्या जोडणीच्या पेटीपर्यंत येते, पिलरमधून बारीक केबल खांबावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे छोट्या जोडडबीपर्यंत, तिथून ड्रॉप वायरनं घरात. तुमची गल्ली एका पिलरवर असेल, मेहुण्याची दुसऱ्या. जुन्या वस्तीत केबल अर्धं गाव फिरून आलेली मी पाहिली आहे.

अंदाज नको असेल तर मोजा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ लिहा, मोडेमचं पान उघडेल. नाव आणि पासवर्ड बहुधा मोडेमच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो. 'स्टेटस'मध्ये 'डीएसएल' शोधा. तिथले दोन आकडे कागदावर उतरवून घ्या : लाइन अटेन्युएशन आणि एसएनआर मार्जिन. पहिला सांगतो तारेत किती आटलं. आपल्याकडच्या ०.४ मिलिमीटरच्या तारेला किलोमीटरमागे ढोबळ १४ डेसिबल धरा. २० आला तर घर जवळ, ४०च्या घरात म्हणजे तीन किलोमीटर, ६०च्या वर म्हणजे टेल. दुसरा आकडा सांगतो, गोंगाटाच्या वर तुमचा सिग्नल किती डोकं काढून आहे. ६च्या खाली गेला की लाइन तुटायला लागते, १२ असेल तर निवांत.

आता खरी परीक्षा. मेहुण्याचा नको, तुमच्याच डीपीवरच्या शेजाऱ्याचा अटेन्युएशन विचारा. दोघांचा ५५ असेल तर अंतराला इलाज नाही. एक्स्चेंज कोणी उचलून जवळ आणणार नाही, नवा मोडेम घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पण त्याचा ३५ आणि तुमचा ५५ असेल, तर दुखणं खांबापासून तुमच्या भिंतीपर्यंतच्या तुकड्यात आहे आणि ते दुरुस्त होतं. हेच दोन आकडे तक्रारीत लिहून द्या. 'स्पीड येत नाही' या तक्रारीवर कोणीही काहीही करू शकत नाही.

जाता जाता : २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे तुमचं दीड मेगाबिट कागदोपत्री ब्रॉडबँडच नाही. हा मुद्दाही पत्रात घाला, बिघडत नाही.

प्रश्न : ताई, मिरगाचा पहिला पाऊस पडला की आमचं नेट जातं आणि गणपती होईपर्यंत येत-जात राहतं. फोन मात्र चालू असतो, थोडी खरखर असते एवढंच. लाइनमन म्हणतात एक्स्चेंजमध्ये बघा, एक्स्चेंज म्हणतं मोडेम बघा. कोणाचं खरं?
— एक गृहिणी, सावंतवाडी

दोघांचंही नाही. खरं त्या खरखरीत आहे आणि तुम्ही ती 'थोडी' म्हणून सोडून देताय.

तारेचा कुठला तरी जोड ओला होतोय. जमिनीखालच्या केबलमध्ये जेली भरलेली असते, पाणी सहसा आत शिरत नाही. शिरतं ते माणसानं उघडलेल्या जागी : जॉइंटमध्ये, झाकण हरवलेल्या डीपीत, खांबावरून घराकडे येणाऱ्या तारेच्या मधल्या जोडात आणि तुमच्या भिंतीवरच्या रोझेटमध्ये, म्हणजे बाहेरची तार घरात जिथे टेकते त्या डबीत. दोन तारा पिळून वर दुकानाची प्लास्टिक पिशवी बांधलेला जोड कोकणात आणि आमच्या पाचगणीकडे पावसाळ्यात हमखास सापडायचा. उघडला की आत तांब्यावर हिरवी पूड. ती पूड वाळली असताना वीज कशीबशी जाऊ देते, ओली झाली की तीच तडतडते. बोलणं त्यातूनही निभावून जातं, कारण आपला कान अर्धा शब्द ऐकून उरलेला जोडून घेतो. मोडेमला ती सवय नाही.

घरच्या घरी एक तपासणी करा. पाऊस चालू असताना रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल आणि काही सेकंद लाइन गप्प होईल. त्या गप्प वेळात ऐका. काहीच ऐकू नाही आलं तर तार बरी. चुरचुर, तडतड, दूरवरचं दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर जोड गेलाय. आता रोझेटपासून पुढची घरातली सगळी वायर काढून, एकच फोन थेट रोझेटला लावून परत ऐका. खरखर थांबली तर दुखणं घरात. थांबली नाही तर बाहेर, आणि ते दुरुस्त करणं कंपनीचं काम.

आता तक्रार नोंदवण्याची रीत. 'नेट स्लो आहे' म्हणालात तर पलीकडचा मुलगा तुम्हाला मोडेम बंद-चालू करायला लावेल, कारण त्याच्या पुढ्यातल्या यादीत तेच पहिलं असतं. 'फोनवर खरखर आहे, बोलणं नीट ऐकू येत नाही' अशी तक्रार द्या. ती तारेची तक्रार होते, तपासणी जोडीची होते आणि खांबावर माणूस चढतो. खोटं काहीच सांगायचं नाही, खरखर आहेच. फक्त जे दुखतंय त्याचं नाव घ्यायचं.

लाइनमन आला की त्याला चहा द्या आणि एक गोष्ट बघून घ्या. बाहेरून येणारी तार भिंतीतल्या भोकात वरून सरळ उतरत असेल, तर पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट रोझेटमध्ये येतं. तार आधी भोकाच्या खाली वीतभर लोंबावी, वळसा घ्यावा आणि खालून वर भोकात शिरावी. थेंब वळशावरूनच गळून पडतो. फुकटचा उपाय आहे, पण अर्ध्या घरांत केलेला नसतो.

आणि जोड सुधारल्यावर मोडेम दोन मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करा. लाइन खराब असताना त्यानं जो कमी वेग पकडलेला असतो तो सहसा आपणहून वाढवत नाही.

प्रश्न : आमचा फोन आठवडाभर पूर्ण मुका आहे, डायल टोनसुद्धा नाही. पण नेट चालू आहे! हळू आहे, पण चालू. तार तुटली असेल तर नेट कसं येतं? नसेल तर फोन का नाही? घरात यावरून पैजा लागल्या आहेत.
— निवृत्त शिक्षक, भोर

सर, या पत्रानं माझी सकाळ मजेत गेली. पैज 'तार तुटली आहे' म्हणणाऱ्यानं जिंकली, पण अर्धीच. दोनपैकी एक तार तुटली आहे.

फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट लागतात. तो एका तारेनं येऊन दुसरीनं परत जाणारा सरळ प्रवाह आहे, वाट अखंड हवी. केसभर फट पडली तरी प्रवाह थांबतो आणि फोन मुका होतो. एडीएसएलचा सिग्नल मात्र सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा. जवळजवळ असलेल्या दोन धातूंमध्ये अखंड वाट नसली तरी असला सिग्नल थोडाफार पलीकडे जातो. कपॅसिटर कसा चालतो ते तुम्ही वर्गात शिकवलं असेल. तुमच्या खांबावर तो आपोआप तयार झालाय.

पुरावा हवा असेल तर मोडेमचं पान उघडून अपलोडचा वेग बघा. डाउनलोडपेक्षा तो जास्त गडगडलेला असेल. अपलोडला पट्टीचा खालचा भाग दिलेला असतो, २५ ते १३८ किलोहर्ट्‌झ, आणि फट ओलांडणं खालच्या फ्रीक्वेन्सींना जास्त जड जातं.

तक्रार देण्याआधी एवढं करा. स्प्लिटर, म्हणजे एकाच तारेवरचे फोन आणि मोडेम वेगळे करणारी डबी, काढून फोन थेट रोझेटला लावा. टोन आला तर तार धडधाकट आहे, स्प्लिटर गेलाय आणि पैज 'तार तुटली नाही' म्हणणाऱ्याची. टोन आला नाही तर एक्स्चेंजला सांगा, 'एक वायर डिस्कनेक्ट आहे'. टेस्ट डेस्कवरून त्यांना ते दिसतं. मात्र 'नेट चालू आहे' हे आवर्जून सांगा, नाहीतर नेट चालू म्हणजे लाइन ठीक असं धरून तक्रार परस्पर बंद करण्याचा मोह काहींना होतो.

प्रश्न : फोन वाजला की नेट तुटतं. आईंनी वरच्या मजल्यावरचा फोन उचलला की तुटतं. ठेवला की पुन्हा तुटतं. सुनेची मीटिंग चालू असते, घरात रोज वाद.
— एक सासरे, लातूर

वरच्या मजल्याचा फोन पॅरलल जोडलाय आणि तो स्प्लिटरच्या आधी जोडलाय. मी न बघताही सांगू शकते.

घंटी वाजते ती तारेत येणाऱ्या सुमारे ७५ व्होल्टच्या झटक्यानं. रिसीव्हर उचलला की लाइनचा भारच बदलतो. मधे फिल्टर नसेल तर हे सगळं थेट मोडेमच्या अंगावर. स्प्लिटरची डबी उलटी करून बघा, तीन तोंडं असतात : लाइन, फोन, मोडेम. बाहेरून आलेली तार आधी डबीच्या 'लाइन'मध्ये गेली पाहिजे. घरातले सगळे फोन, सगळे म्हणजे वरचा, देवघराजवळचा, कॉलर आयडीची जुनी डबी, फॅक्स असेल तर तोही, 'फोन' तोंडाच्या पुढे. मोडेम एकटा त्याच्या तोंडावर. वरची वायर काढून पुन्हा ओढणं शक्य नसेल तर वरच्या फोनला स्वतंत्र छोटा फिल्टर लावा.

आणि वापरात नसलेल्या फोनची भिंतीवर नुसती लोंबणारी वायर कापून टाका. टोकाला काही नसलं तरी सिग्नल त्या टोकापर्यंत जाऊन आदळून परत येतो आणि मूळ सिग्नलचे काही कप्पे खराब करतो. जुन्या वाड्यांत अशा दोन-तीन शेपट्या निघतात.

मोडेम रोझेटच्या शेजारी ठेवा. सुनेच्या खोलीपर्यंत पंधरा मीटर चपटी करडी फोन वायर नेऊन तिथे मोडेम ठेवला असेल तर ते उलटं झालं. ती चपटी वायर पिळाची नसते. जोडीला पीळ असतो तो दिसायला बरा म्हणून नव्हे. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि एकमेकांना खोडतो. बेलनं १८८१ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं, आणि आपल्याकडचा वायरमन अजून दुकानात मिळेल ती वायर घेऊन येतो. लांबी वाढवायची तर मोडेमनंतरची लॅन केबल वाढवा.

प्रश्न : माझा प्लॅन ८ एमबीचा आहे पण डाउनलोड ८५० केबीनेच होतं. कंपनी दहा टक्केच स्पीड देते. ग्राहक मंचात जाऊ का?
— दहावीतला विद्यार्थी, कराड

जाऊ नकोस, हरशील. प्लॅन आठ मेगाबिटचा आहे, डाउनलोड दाखवतंय किलोबाइट. आठ बिटचा एक बाइट. आठ मेगाबिट म्हणजे वरकड धरून एक मेगाबाइट. त्या वरकडीचा हिशेबही घे : एडीएसएलवर माल ५३ बाइटच्या पाकिटांतून जातो, त्यातले ५ बाइट पत्त्याचे. वर आणखी थोडं लॉगिनच्या आणि इंटरनेटच्या स्वतःच्या पत्त्यांत जातं. ८५० उरणं म्हणजे तुझी लाइन ठणठणीत आहे. सांगलीच्या काकांना कळवू नकोस.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिच्याकडेही इंटरनेट फोनच्याच तांब्याच्या तारेवरून येतं आणि वेग १०० मेगाबिट! आमच्याकडे त्याच तांब्यावर ४. त्यांचं तांबं वेगळं असतं का?
— छत्रपती संभाजीनगरहून एक वडील

तांबं तेच. फरक लांबीचा आहे.

तिच्या रस्त्याच्या कडेला एक कंबरभर उंचीची करडी पेटी असेल, पुढच्या व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. एक्स्चेंजपासून त्या पेटीपर्यंत फायबर आलंय, पेटीत वीज आहे आणि तारेवर इंटरनेट चढवणारं जे डीस्लॅम नावाचं यंत्र आपल्याकडे एक्स्चेंजच्या खोलीत बसतं ते तिकडे त्या पेटीतच बसवलंय. म्हणजे तांबं उरलं फक्त पेटीपासून घरापर्यंत, काहीशे मीटर. एवढ्याशा तारेत वरचे कप्पे मरत नाहीत. म्हणून तिथे व्हीडीएसएल चालतं, जे १७ मेगाहर्ट्‌झपर्यंतची पट्टी वापरतं. आपलं एडीएसएल-टू-प्लस २.२ वर थांबतं. जर्मनीत २०१८ पासून ३५ मेगाहर्ट्‌झपर्यंत जाऊन २५० मेगाबिटही द्यायला लागले आहेत. त्यात आणखी एक युक्ती आहे, व्हेक्टरिंग नावाची : एकाच केबलमधल्या जोड्या एकमेकींच्या कानात जे कुजबुजतात ते पेटीतलं यंत्र मोजतं आणि आधीच उलटा सिग्नल मिसळून खोडून टाकतं.

आपला पिलर बघा. आत नुसत्या जोडणीच्या पट्ट्या, विजेचा पत्ता नाही, एखाद्याचं दार गेलेलं, बाहेर टेकून पानाची टपरी. त्यात यंत्र बसवायचं म्हणजे वीज, बॅटरी, कुलूप आणि राखण आली. शिवाय आपल्याकडे लँडलाइन घरोघरी पोचायच्या आतच मोबाइल आला, मग तेवढ्या थोड्या जोड्यांसाठी गल्लोगल्ली पेट्या कोण बसवणार. तिकडे घरोघरी तांबं होतं म्हणून ते पिळून वापरलं. आपण मधली पायरी सोडून थेट फायबरवर चाललो आहोत आणि माझ्या मते यात आपलं काही नुकसान नाही. जर्मन मंडळी आता रस्ते खणून तेच करताहेत.

प्रश्न : दिवसभर लाइन उत्तम. दिवे लागणीनंतर तुटायला लागते, रात्री अकरानंतर पुन्हा बरी. सगळे एकदम वापरतात म्हणून होतं, असं कंपनी म्हणते.
— एक वाचक, पुणे

कंपनीचं खरं असूही शकतं, पण ते मोडेमचा दिवा सांगेल, कंपनी नव्हे. 'डीएसएल' किंवा 'लिंक' लिहिलेला दिवा स्थिर असून नेट नुसतं हळू असेल, तर पुढे गर्दी आहे आणि तुमच्या तारेचा दोष नाही. तो दिवा लुकलुकत असेल तर लाइनच तुटतेय आणि गर्दीचा काही संबंध नाही. 'डीएसएल' स्थिर आणि 'इंटरनेट'चा दिवा बंद किंवा लाल असेल तर लॉगिनचा घोळ.

तुम्ही 'तुटते' लिहिलंय, म्हणून मी गोंगाट धरते. संध्याकाळी लागणारं काहीतरी तारेत गोंगाट ओततंय. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, नावगाव नसलेला मोबाइल चार्जर. शोधायला एक जुना ट्रान्झिस्टर घ्या. मीडियम वेव्हवर लावा, पण दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर, आणि घरभर फिरा. एडीएसएलची पट्टी आणि मीडियम वेव्हची पट्टी एकमेकींवर चढलेल्या आहेत, त्यामुळे मोडेमला जे छळतं ते रेडिओला ऐकू येतं. जिथे भणभण वाढेल तिथे एकेक बटण बंद करून बघा. चोर बहुधा मोडेमच्याच प्लगबोर्डवर निघतो.

रेडिओवरून आठवलं. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्‌झवर. तुमच्या तारेतले १८३-१८४ क्रमांकाचे कप्पे नेमके तिथेच येतात, आणि उघड्यावरची लांब ड्रॉप वायर ही छानपैकी एरियल असते. काही मोडेम प्रत्येक कप्प्यात किती बिट भरले त्याचा आलेख दाखवतात. त्यात तिथे खळगा दिसला तर घाबरू नका, मोडेमनं ती जागा शहाणपणानं सोडून दिली आहे. रात्री मात्र मीडियम वेव्ह लांबलांबची स्टेशनं घेऊन येते, खळगे वाढतात आणि ज्याचा एसएनआर मार्जिन मुळातच ७-८ आहे तो तेवढ्यानं ६च्या खाली जातो. म्हणून आकडा सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा लिहून ठेवा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर कंपनीला लाइनचं प्रोफाइल थोडं खाली आणायला सांगा. आठाऐवजी सहा मेगाबिट घ्या, पण न तुटणारे.

प्रश्न : आम्हाला फायबर घ्या म्हणून मागे लागलेत. जुनी लाइन सोडावी का? इथे पावसात वीज फार जाते. शिवाय दोन वर्षांत दोन मोडेम विजेच्या कडकडाटात जळले.
— एक वाचक, फोंडा, गोवा

घ्या. फायबर म्हणजे काचेची तार. काच ओली झाली तर तिला खरखर होत नाही, अंतरानं ती एवढी थकत नाही आणि तिच्यातून वीज घरात येत नाही. तुमचे मोडेम जळाले ते बहुतेक फोनच्या तारेतून आलेल्या लाटेनं. लोक कडकडाट झाला की विजेचा प्लग काढतात आणि फोनची पिन तशीच ठेवतात. जुनी लाइन आहे तोवर दोन्ही काढा, आधी, ढग दिसले की. कडकडाट चालू झाल्यावर तारेला हात लावू नका.

पण एक गोष्ट फायबरवाला सांगणार नाही. तांब्याच्या तारेवरचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालतो. गावात अंधार असला तरी घरातल्या साध्या फोनला टोन असतो. काचेतून वीज येत नाही. घरातली वीज गेली की फायबरची डबी बंद, तिच्यावरचा फोनही बंद. घरात म्हातारं माणूस असेल, मोबाइलला रेंज नसेल, तर हे आधी ध्यानात घ्या. त्या डबीला बहुधा १२ व्होल्ट लागतात. त्या व्होल्टेजचा छोटा यूपीएस मिळतो, काही तास निघतात. डबीवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर डबी आणि राउटर दोन्ही त्याच्या लाइनवर आणा. नवीन जोडणी आठ-पंधरा दिवस नीट चालल्याशिवाय जुनी बंद करायला अर्ज देऊ नका. एकदा एमडीएफवरचा जंपर, म्हणजे तुमची जोडी एक्स्चेंजला जोडणारी तार, काढला की ती जोडी परत मिळेलच याचा भरवसा नाही.

प्रश्न : फायबर आलं. जुना एडीएसएल मोडेम भंगारात टाकू का?
— एक वाचक, नाशिक

त्यात वायफाय असेल तर नको. त्याच्या पानावर जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ चा १९२.१६८.१.२ करा (नवा राउटर दुसऱ्या पत्त्यावर असेल तर त्याच्या मालिकेतला मोकळा आकडा घ्या), डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, वायफायचा पासवर्ड नवीन घाला. नव्या राउटरपासून एक लॅन केबल ओढून याच्या पिवळ्या लॅन तोंडांपैकी कुठल्याही एकात खुपसा. फोनच्या तारेचं तोंड रिकामंच राहू द्या. मागच्या खोलीत जिथे रेंज पोचत नाही तिथे हा डबा वायफाय देईल. वेगाची मोठी अपेक्षा ठेवू नका, बऱ्याच जुन्या मोडेमांची लॅन तोंडं १०० मेगाबिटचीच असतात. आणि ॲडाप्टर त्याचाच वापरा, ९ व्होल्टच्या मोडेमला १२चा लावून माझ्याकडे पत्र पाठवू नका.